पिशोरच्या म्हशीचा पान्हा

पिशोरला चीक आणायला मी स्वतःच गेले होते, सातव्या महिन्याचं पोट घेऊन. घरातल्या कुणाचं ऐकायचं नाही, हा माझा जुना खाक्या. संभाजीनगरातल्या आमच्या प्रयोगशाळेत दुधातल्या एका प्रथिनावर काम चालतं. लॅक्टोफेरिन त्याचं नाव. ते जंतूंच्या तोंडचं लोह काढून घेतं, मग जंतूंची वाढ खुंटते. व्यायल्यानंतरच्या पहिल्या दुधात, म्हणजे चिकात, ते भरपूर असतं.

"चिकाचा पैसा घेत नसतात बाई, तसाच न्या," म्हशीचे म्हातारे मालक म्हणाले. आदल्याच दिवशी रेडकू मेलं होतं. त्याच्या कातड्यात कडबा भरून ते म्हशीपुढं टेकवून ठेवलं होतं. पाय नव्हते, डोळ्यांच्या जागी भोकं होती आणि कातडं अजून ओलं होतं. म्हशीनं ते हुंगलं, सावकाश चाटलं आणि पान्हा सोडला.

"फसली की हो ही," मी म्हणाले.

"फसती का नाय, कुणाला ठावं," म्हातारे धार काढता काढता म्हणाले. "वास मिळाला की सोडती."

त्याच महिन्यात मी वेळेआधी बाळंत झाले. ऑपरेशन झालं. शुद्धीवर आले तेव्हा कूस रिकामी होती.

"लेकराला काचेत ठेवलंय, वरच्या मजल्यावर," सासूबाई म्हणाल्या. मला उठायची परवानगी नव्हती आणि वर फोटो काढू देत नव्हते. डॉक्टरीणबाई सांगून गेल्या, पहिलं दूध थेंबभर का होईना, पाठवा, बाळाला त्याचीच गरज आहे. ते त्या मला सांगत होत्या! आणि मला तो थेंबही येत नव्हता.

दुपारी सासूबाईंनी एक मऊ झबलं माझ्या हातात दिलं.

"हे हुंगून बघ. येईल."

"बाळाचं?"

"व्हय."

झबल्याला औषधासारखा उग्र वास होता. काचेतल्या बाळाला असाच वास येत असणार, असं मी ठरवून टाकलं. ऊर दाटून आला आणि वाटीत पिवळसर थेंब पडले. सासूबाई वाटी पदराखाली झाकून घेऊन गेल्या.

त्या गेल्यावर मला ती म्हैस आठवली.

बाळाचं रडणं मी ऐकलंच नव्हतं. नवरा खिडकीशी पाठमोरा उभा होता, मघापासून तसाच. मग ती वाटी कुठं गेली? मी टाके विसरून उठून बसले.

"मला वर न्या. नाहीतर रांगत जाईन."

चाकाची खुर्ची आणली. लिफ्टची वाट बघताना नवऱ्याचं लक्ष माझ्या मुठीकडं गेलं.

"हे तर माझं लहानपणीचं झबलं," तो म्हणाला. "आईच्या ट्रंकेतलं."

आमच्याकडं बाळाला पहिलं झबलं नवं घालत नाहीत, धडधाकट वाढलेल्या लेकराच्या अंगावरचं जुनं घालतात. सासूबाईंनी ते नातवासाठीच काढून आणलं होतं. पण ते त्याच्या अंगाला अजून लागलंच नव्हतं. वास होता डांबरगोळ्यांचा. त्या वासावर माझं दूध आलं होतं. लिफ्टचं दार उघडलं.

काचेमागं एक उघडं, लालबुंद लेकरू होतं. नाकात नळी, मुठी आवळलेल्या. नर्सनं माझ्याच वाटीतला थेंब त्याच्या गालाच्या आत लावला. ओठ हलले. मी तिथंच हमसून हमसून रडले.

तो आता घरभर पळतो. पिशोरच्या चिकाची बाटली अजून प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये आहे. कामाला बसले की मी ती सोडून शेजारची बाटली उचलते. 'वर न्या' म्हणायला मला तोंड होतं, न्यायला माणसं होती. ती म्हैस दाव्याला बांधलेली होती.