रुद्र कुणाकडे रांगला

शिरूरला आमच्या खालच्या मजल्यावर पाळणाघर आहे. रांजणगावच्या कंपन्यांत जाणाऱ्या बायका सकाळी तिथं बाळं सोडतात, संध्याकाळी नेतात. धुरपदाबाई तिथं बारा वर्षं सांभाळायला आहेत. मूळच्या केंदूरच्या. डावी कंबर जरा बाहेर काढून चालतात, कारण तिच्यावर सदा कुणाचं तरी बाळ असायचं. बाळ कडेवर, उजव्या हातानं मुगाची खिचडी घोटणं, आणि दारात रेंगाळणाऱ्या आईला, "जा गं, बस चुकंल तुझी."

गेल्या वर्षी त्या कडेवर वैष्णवीचा रुद्र असायचा. दहा महिन्यांचा. बसायचा छान, रांगायचा मात्र नाही.

अशात अंकिता कामाला लागली. खुटबावची, बावीस वर्षांची, बालसंगोपनाचा कोर्स केलेली. आल्या आल्या तिनं सतरंजी पसरली, बाळं पालथी घातली आणि हातभर अंतरावर एकेक स्टीलची वाटी ठेवली.

"मावशी, रुद्रला खाली सोडा की. कडंवर बसून हातापायात जोर कसा यायचा?"

"बारा वर्सांत माझ्या कडंवरची समदी पोरं चालत घरी गेली."

"मोठी झाली म्हणून गेली, मावशी."

धुरपदाबाईंना हे लागलं. त्याहून जास्त लागलं ते वैष्णवीचं वागणं. पूर्वी ती संध्याकाळी दारातूनच विचारायची, "मावशी, आज काय केलं ह्यानं?" आता विचारायची अंकिताला. धुरपदाबाई नुसत्या दुपटी घडी करत उभ्या.

पुढचं त्यांनीच मला एकदा जिन्यात बसून सांगितलं. अंकितानं रुद्रला पालथं घातलं की त्या मुद्दाम समोरून जायच्या, बांगड्या वाजवायच्या. रुद्र मान वर करायचा, हात पसरायचा, रडायचा. "त्यो माझ्यासाठी रडला की बरं वाटायचं बगा," त्या म्हणाल्या. अंकिता बाटल्या उकळायला आत गेली की बाळ पुन्हा कडेवर.

एका संध्याकाळी वैष्णवी डॉक्टरकडून आली ती रडवेली होऊन. "पाय चांगले आहेत म्हणतात. महिन्याभरात रांगला नाही तर पुण्याला दाखवा म्हणाले. घरी आम्ही खालीच ठेवतो. इथं उचलून घेतं का कुणी?"

अंकितानं धुरपदाबाईंकडं एकदा बघितलं. "न्हाई वहिनी. मीच कमी पडले आसंन."

"तिनं माझं नाव घेतलं आसतं तर भांडले आसते मी," धुरपदाबाई मला म्हणाल्या. "तिनं भांडायला बी जागा ठिवली न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः सतरंजीच्या टोकाला मांडी घालून बसल्या. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. रुद्रनं रडून घर डोक्यावर घेतलं. त्या उठून गेल्या नाहीत, पण उचललंही नाही. असे चार दिवस गेले.

पाचव्या दिवशी रुद्रनं तळवे टेकले, त्यांच्याकडं बघितलं आणि जोर लावला. गेला मागं. परत जोर लावला, आणखी मागं. धुरपदाबाईंकडं यायला जितकी धडपड करावी तितका तो लांब सरकत होता. सरकत सरकत पाय जाऊन टेकले ते मागं बसलेल्या अंकिताच्या गुडघ्याला.

"मावशी, निघालाय तुमच्याकडंच," अंकिता म्हणाली. "रिव्हर्स गिअर पडलाय. पयल्यांदा लय पोरं अशीच जात्यात."

"हात लावू नगं त्याला."

"न्हाई लावत."

संध्याकाळी वैष्णवीनं चप्पलही काढली नव्हती, तोच अंकितानं बातमी सांगितली. "मावशींकडं निघाला व्हता."

"गेला मातुर हिच्याकडं," धुरपदाबाई म्हणाल्या. मग वैष्णवीकडं न बघताच, "आन् उचलून घेत व्हते ती मी. ही न्हाई."

वैष्णवी तशीच वळली. रुद्रला घेऊन गेली. धुरपदाबाईंना वाटलं, उद्या आणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी साडेसातला ती आली, रुद्रला सतरंजीवर ठेवलं आणि म्हणाली, "मावशी, खालीच राहू द्या हां."

"व्हय," धुरपदाबाई म्हणाल्या.

आता तिथं सगळी बाळं सतरंजीवर असतात. मी परवा सहज विचारलं, अंकिताशी पटतं ना आता?

"पोरगी गुणाची हाय," त्या म्हणाल्या. "पर मला न्हाई आवडत."