मिरजेचा इंजिनीयर

मिरज स्टेशनवर दादानं आमचे आठ डाग बाकाखाली सरकवून दिले, पाण्याचा जग भरून आणला आणि गाडी हलेपर्यंत खिडकीच्या गजाला धरून उभा राहिला. यजमानांची बँकेतली बदली जयपूरला झाली होती. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. आई म्हणाली, "परक्या मुलखात सगळंच सांगत बसू नये. माणसं आधी ओळखावीत." पुढं मी जे केलं त्याचा दोष बरीच वर्षं मी आईच्या या वाक्यावर टाकत आले.

दादाचं मिरजेत एसटी स्टँडजवळ रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन माणसं बसली की तिसरा बाहेर. वडील लवकर गेले, तेव्हापासून घर त्या दुकानावर चाललं. शाळेतून आले की मी तिथंच बसायची. तापलेल्या कथलाचा वास मला अजून ओळखू येतो.

मालवीय नगरात आमच्या आजूबाजूला बँकेचे आणि विम्याचे साहेब लोक. इथल्या मराठी बायकांच्या पहिल्याच हळदीकुंकवाला एकीनं विचारलं, "माहेरी कोण कोण? भाऊ काय करतात?" मी म्हटलं, "इलेक्ट्रॉनिक्स इंजिनीयर आहे." तोंडातून निघून गेलं. नंतर ते निस्तरण्यापेक्षा पुन्हा पुन्हा बोलणं सोपं झालं. आपल्यापैकी जे बदल्यांबरोबर फिरले आहेत त्यांना हे माहीत असेल. नव्या गावात आपल्याला ओळखणारं कुणी नसतं, त्यामुळं आपण सांगू तेच खरं होतं.

शेजारच्या माथुर आंटींनी मला जयपूर शिकवलं. भाजी कुठली घ्यायची, मे महिन्यात कूलरला वाळा कधी बांधायचा, रिक्षावाल्याशी हिंदी कसं बोलायचं, सगळं त्यांनीच. संध्याकाळी त्या कॉलनीच्या बागेत मुलींना घूमर शिकवायच्या. त्यासाठी त्यांचा एक भला मोठा जुना टेप होता, दोन बाजूंना स्पीकर आणि वर हँडल असलेला. तोवर घरोघरी सीडी आल्या होत्या, पण बागेत वीज नव्हती आणि त्यांची सगळी गाणी कॅसेटवर होती. टेपमध्ये मोठे सहा सेल घालून त्या नाच घ्यायच्या.

चौथ्या वर्षी दादा पहिल्यांदा आमच्याकडं आला. श्रावणातला तीजेचा सण जवळ आला होता, मुलींची तालीम जोरात होती आणि नेमका त्या संध्याकाळी टेप बंद पडला. सेल नवे घातले तरी सुरू होईना. आम्ही दोघं बागेतच होतो. आंटी म्हणाल्या, "भैया, आप तो इंजीनियर हैं. ज़रा देख लेंगे?"

'इंजीनियर' ऐकून दादानं एकदा माझ्याकडं पाहिलं. मग त्याचा हात सवयीनं खिशातल्या टेस्टरकडं गेला. खाली बसून तो पेचकस फिरवायला लागला, की सगळ्यांना कळणार, असं मला वाटलं. मी घाईनं म्हटलं, "आंटी, भैया बड़ी मशीनें देखते हैं. ये छोटे काम इनको नहीं आते."

दादानं हात खिशातून काढून घेतला. मुली टाळ्यांवर नाचल्या, तो शेवटपर्यंत बघत राहिला.

तो आठ दिवस राहणार होता. पाचव्या दिवशी म्हणाला, "गिऱ्हाइकांची कामं अडली असतील गं." मी आग्रह केला, पण तो जातोय म्हटल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहायला हवं. स्टेशनवर त्यानं एवढंच सांगितलं, "त्या बाईंचा टेप घरी वायर लावून चालतो का, बघ. चालत असेल तर मशीन चांगलं आहे. टाकू नका म्हणावं."

मी आंटींना ते सांगितलं नाही. बाजारातल्या कारागिरानं त्यांना "पुराना है, फेंक दो" म्हणून परत पाठवलं. त्या टेप कबाडीवाल्याला द्यायला निघाल्या, तेव्हा मात्र मला राहवेना. मी तो घरी आणला आणि भिंतीतल्या प्लगला वायर लावली. टेप खणखणीत वाजला. मी मिरजेला फोन लावला. आंटी शेजारीच बसल्या होत्या.

दादा म्हणाला, "आधी वायर काढ. सेलपण काढ. स्प्रिंगा हिरव्या पडल्यात का?"

"नाहीत. स्वच्छ आहेत."

"मग टेपला वायर खुपसतो ते भोक बघ. आत एक पितळी पट्टी असते. वायर घातली की ती बाजूला सरते आणि सेलचा करंट तुटतो. वायर काढली की तिनं परत चिकटायला पाहिजे. ती काळी पडली असणार. मागचं झाकण खोल."

झाकण खोलताना माझे हात चुकले नाहीत. पट्टी खरंच काळी होती आणि जरा वाकलेली. घासपेपरचा बारीक तुकडा घालून मी ती घासली, दादानं सांगितलं तशी हलकेच दाबली आणि सेल घातले. टेप वाजला.

आंटींनी रिसीव्हर माझ्या हातातून घेतला. "धन्यवाद, इंजीनियर साहब." मी तिथंच सांगू शकले असते. मी झाकणाचे स्क्रू गोळा करत बसले. रिसीव्हरमधून दादाचं मिरजेकडचं हिंदी ऐकू आलं, "हां जी. कंपनी में यही काम रहता है हमारा."

माझं खोटं त्यानं उचलून धरलं होतं.

दिवाळीत मी मिरजेला गेले. दुकानात चहा पीत बसले होते. एक गिऱ्हाईक आलं, त्यानं कोण म्हणून विचारलं. दादा म्हणाला, "माझी धाकटी बहीण. जयपूरला असते. नुसतं फोनवर ऐकून हिनं टेप दुरुस्त केला." पुढच्या गिऱ्हाइकालाही त्यानं तेच सांगितलं. मी कपाकडं बघत राहिले. त्याची माफी मागायचं ठरवून गेले होते, ते जमलं नाही.

परत आल्यावर आंटींना मात्र सगळं सांगितलं. त्या मटार सोलत होत्या. सोलता सोलताच म्हणाल्या, "हमें क्या फ़र्क पड़ता, बेटा. फ़र्क तो उनको पड़ा होगा."

दादा त्यानंतर जयपूरला आलेला नाही. दरवर्षी बोलावते. "दुकान कुणावर सोडू?" म्हणतो, आणि ते खरंही असेल. आता इथं आमचा स्वतःचा फ्लॅट आहे, माझ्या मराठीत 'मतलब' आणि 'भैया' येऊन बसलेत आणि घर कुठलं विचारलं तर मी जयपूर म्हणते. पण माझा भाऊ या गावात एकदाच आला आणि दुसराच कुणीतरी म्हणून राहून गेला. तो स्वतःच्या नावानं, स्वतःच्या कामासकट माझ्या दारात येईपर्यंत, याला घर म्हणताना माझी जीभ जरा अडखळते.