नवरा आला, गोळी सुरू

डॉक्टरांनी पोट उतरवायला सांगितलं म्हणून मी आष्ट्याच्या रस्त्यावर पहाटे चालायला लागलो. पहिल्याच दिवशी मागून धाडधाड आवाज आला, जमीन हादरली. कोयनेचा भूकंप थेट आमच्यापर्यंत पोचला अशी खात्री होऊन मी बाजूच्या उसात उडी घेतली. वर पाहतो तो पंजाबी ड्रेसवर नवऱ्याचे मिलिटरीचे बूट चढवलेली एक बाई.

“काका, पळताय का लपताय?”

“मरतोय,” मी म्हणालो.

ही क्रांती, आमच्या शेजारच्या मनुबाईंची सून. पोलीस भरतीसाठी पळायची. पळायची म्हणजे गल्लीतली कुत्रीसुद्धा तिच्यामागे लागून दमून परतायची. वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची भरती होती. मैदानी चाचणी चार महिन्यांवर आलेली.

तेवढ्यात नवरा शंभूराज अचानक सुट्टी मिळून घरी आला. आला, पोटभर मटण खाल्लं, दहा दिवस राहिला आणि गेला. पुढच्या महिन्यात क्रांतीचं पळणं थांबलं. सकाळी उलट्या सुरू झाल्या. तिनं आमच्या हिला गाठलं.

“काकी, मी गोळ्या घेतल्या व्हत्या ओ! एक बी चुकवली न्हाई.”

ही तिला सांगलीला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी विचारलं, “गोळी कधी सुरू केली?”

“ते आले त्याच सांजंला. घरात माणूसच न्हाई, तर आधी कशापायी खायची? आनि ते गेले तशी बंद केली.”

“अगं, ती काय डोकेदुखीची गोळी आहे, घेतली की उतरायला? पाळी सुरू झाल्यावर पहिल्या पाच दिवसांत सुरू केली तर लगेच लागू पडते. मधेच सुरू केली तर लागू पडायला सात दिवस लागतात, तोवर निरोधही वापरायचा. नवरा घरी असो की सीमेवर, गोळी रोज.”

 गोळ्या क्रांतीनं मैत्रिणीकडून मागवल्या होत्या. औषधाच्या दुकानात विचारायची लाज वाटली. एरवी ही बाई मैदानात शंभर पुरुषांसमोर पळायची!

मूल नको असेल तर काय करता येईल, हेही बाईंनी समजावलं. “घरी बोलते आनि सांगते,” क्रांती म्हणाली.

घरी बोलायला काही उरलंच नव्हतं. उलट्या बघून मनुबाईंनी लेकाला फोन केला होता, आणि त्या गड्यानं तिकडे अख्ख्या कंपनीला जिलेबी वाटली होती. मनुबाई दारातच म्हणाल्या, “आता पळायचं बास हां, पोरी. बूट काढ.”

क्रांतीनं बूट काढले. त्या संध्याकाळी आमच्या हिच्याजवळ बसून ती खूप रडली. मी नेहमीसारखा काहीतरी विनोद करायला पुढे झालो आणि चहा टाकायला आत वळलो.

मुलगी झाली. पुढची भरती निघाली तेव्हा क्रांतीचं वय उलटून गेलं होतं.