मेंदीच्या हातांची फायनल

जळगावात कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉलची फायनल होती. माझ्या शेजारी नशिराबादचा एक माणूस मांडीवर बॅग घट्ट धरून बसला होता. आमच्या संघातल्या एका उंच पोरीनं धुळ्याच्या पोरींकडून चेंडू हिसकावला की सगळे ओरडत. हा मात्र गेटपाशी थांबवलेल्या रिक्षाकडे बघे.

"एवढी घाई आहे तर आलात कशाला?" मी चिडून विचारलं.

त्यानं कोपरापर्यंत मेंदी लावलेल्या एका खेळाडूकडे बोट केलं. "मनी पोर शे. सांजले हळद शे तिनी. सासरी खेळनं बंद."

शेवटच्या क्षणी तिनंच लांबून टाकलेला चेंडू जाळीत पडला आणि आम्ही विजेते झालो. सगळे उठून नाचायला लागले. तो बसूनच राहिला.

"हारती तं बरं व्हतं, भाऊ. जिकीसन सोडनं जड जाई तिले."

ती धापा टाकत आली आणि बक्षिसांच्या टेबलाकडे बोट दाखवत म्हणाली, "आबा, ट्रॉफी लिसन येऊ का?"

त्यानं पुन्हा रिक्षाकडे पाहिलं. ती खाली बसली आणि बुटांच्या नाड्या सोडू लागली.

त्यानं आपल्या रुमालानं त्या बुटांची धूळ पुसली, अगदी निगुतीनं, जणू ते उद्या सकाळी लागणारच आहेत. मग ते बॅगेत ठेवून चेन लावली.