वेशीबाहेरची सुमनमावशी

गल्लीतून कोणीही गेलं की सुमनमावशीची खिडकीतून हाक यायचीच, "काहून रे, कुठी चालला?" उत्तर दिल्याशिवाय सुटका नसे. रायपूरच्या गुढियारीत आमचं घर तिच्या अगदी समोर. मी येताजाता पकडला जाई.

रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झाल्यावर ती मुलाकडे नव्या रायपुरात राहायला गेली आणि महिन्याभरात परतली. "रस्ते मोठाले, पण कुत्रंबी विचारत नाही!" येताना नातीचा जुना कॉम्प्युटर घेऊन आली. नातीनं तिला एक खेळ शिकवला होता. मोकळं रान, त्यात ठोकळे रचून हवं ते बांधायचं. दूरदूरची माणसं आपापल्या घरून त्याच रानात येतात. आमच्या मावशीनं तिथं गावच वसवलं! गल्ल्या मुद्दाम अरुंद, प्रत्येक दाराला ओटा. बिलासपूर, भिलाई, कुठकुठची पोरं राहायला आली आणि तिला 'सरपंच दीदी' म्हणू लागली. मीही घर बांधलं.

कायदा एकच. "ज्यानं दुसऱ्याचं घर मोडलं, त्यानं वेशीबाहेर राहाचं. घर बांधून देल्यावरच अंदर." भिलाईच्या एका दांडगट पोट्टीला तिनं खरोखर बाहेर काढलं होतं. पोट्टीनं मुकाट्यानं घर बांधून दिलं, मग आत आली.

दिवाळी आली. गाव अंधारात कसं ठेवायचं? मावशीनं प्रत्येक ओट्यावर दिवा म्हणून आग पेटवली. खेळातली आग पसरते, हे बाईंना कुठं ठाऊक! लाकडी घरं, बघता बघता अख्खा पारा, सगळी वस्तीच खाक. मी धावत गेलो, तर ती तोंडाला पदर लावून पडद्यासमोर बसलेली.

सगळे लिहीत होते, "जाने दो दीदी, आप तो सरपंच हो." मीही म्हटलं, "मावशी, चुकून झालं. गाव तुझंच आहे ना?"

"माहं हाये म्हणून तर! माह्यासाठी कायदा वाकवला, तर उद्या ती पोट्टी काहून ऐकन? मंग ते गाव नाही राहात रे."

आणि निघाली की! वेशीबाहेर मातीची झोपडी घातली, सरपंचकी त्याच पोट्टीला दिली आणि एकेक घर उभं करत सुटली. माझा नंबर शेवटी. "तू समोरचा हाये, तुले घाई काय?" म्हणायची. माझं छप्पर व्हायचं होतं, तेवढ्यात थंडीत तापानं धरलं आणि मावशी गेली. घरचं माणूस गेल्यासारखा रडलो मी.

मी गावाला कळवलं. म्हटलं, तिची झोपडी आत आणू या. नवी सरपंच म्हणाली, "नहीं भैया. एक घर बाकी है. दीदी का कायदा नहीं टूटेगा."

संताप झाला माझा. काय पोरगी आहे की दगड! पण दुसऱ्या दिवशी पाहतो तर तिनं स्वतःचं घर मोडून मावशीच्या झोपडीशेजारी बांधायला घेतलेलं. मग बिलासपूरवाले आले, हळूहळू सगळेच आले.

आता वेशीच्या आत कोणी राहत नाही. बाहेर एक अरुंद गल्ली आहे, प्रत्येक दाराला ओटा आहे. माझं घर मावशीच्या अगदी समोर. हाक येत नाही, तरी निघताना मी तिच्या दाराशी उभा राहतो आणि कुठं चाललो ते सांगून जातो.