हितेशनं जाळं कापलं नाही

हितेशच्या पोटरीला सुरी बांधलेली असते. पाण्याखाली उतरणाऱ्या प्रत्येकाकडे असते, माझ्याकडेही आहे. अडकलं की कापायचं, एवढं साधं शास्त्र. तरी त्या संध्याकाळी मिऱ्याच्या खडकांपाशी हा गडी जाळ्यात अडकला आणि सुरीला हात लावेना.

हितेश मिऱ्याच्या धाकूकाकांचा एकुलता मुलगा. बापाची होडी, बापाची जाळी, आणि हा माशांचे नुसते फोटो काढतो. दिवसा पर्यटकांना स्कुबा करवतो, आणि मोकळा झाला की मला फोन करतो, "सर, येताय काय?" मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, माझ्याखेरीज त्याच्या या वेडाला गिऱ्हाईक नाही. काका म्हणतात, "फोटोचं कालवण होत नाय." तो हसतो, पण बोलणं त्याला लागतं.

त्या दिवशी शेवंडीचा, म्हणजे लॉबस्टरचा, फोटो हवा होता. दिवसभर कपारीत दडलेली शेवंड दिवेलागणीला बाहेर पडते, म्हणून आम्ही सूर्य टेकल्यावर उतरलो. बाईसाहेब लांब मिशा हलवत आल्या. त्या पुढे सरकतील तसा हितेश फोटो काढत मागे सरत गेला, आणि पाठीवरची टाकी मागच्या जाळ्यात गुंतली. शेवंडीसाठीच कुणीतरी तळाला लावलेलं जाळं. तो वळला आणि पायही गुंतला.

मी बॅटरीच्या उजेडात कापायची खूण केली. त्यानं मान हलवली आणि जाळ्यातून मासा सोडवावा तसा एकेक फास सोडवायला बसला. दुसऱ्याच्या जाळ्याला सुरी लावायची नाही, हे त्याला बापानं चालायच्या आधी शिकवलं असावं. एक फास सुटे, दोन बसत. माझं डोकं फिरलं. पाण्याखाली शिव्या देता येत नाहीत, नाहीतर त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. मी माझी सुरी काढली, तर या शहाण्यानं माझं मनगट धरलं!

पाणी काळं होत चाललं होतं. त्याच्या हवेचा काटा लाल पट्ट्यात शिरला. मला भीती वाटली. मी त्याचा हात झिडकारला आणि दिसेल ते कापत सुटलो. आम्ही माझ्याच हवेवर दोघं वर आलो.

होडीत पडल्यापडल्या पहिलं वाक्य काय? "सर, निळी दोरी बघितलीत? बाबांचं जाळं हाय ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्याबरोबर काकांकडे गेलो. काका अंगणात फाटलेलं जाळं पसरून बसले होते.

"कुणी कापलंन?"

"मी," मी म्हणालो. "हितेश अडकला होता. हवा संपत आली होती."

काकांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"तुज्याकडं सुरी नव्हती?" त्यांनी हितेशला विचारलं.

"होती."

"मग काय करीत होतास?"

"सोडवीत होतो."

"जाळं मी परत विणीन रे." काकांचा आवाज फाटला. "तुला कुठनं आणू?"

हितेश मान खाली घालून उभा राहिला. काकांनी हात पुढे केला. "ती सुरी दे हिकडं."

हितेशनं पिशवीतून सुरी काढून दिली. काकांनी धारेवरून अंगठा फिरवला, जाळं बाजूला सारलं, आणि पायरीच्या दगडावर पाणी शिंपडून सुरीला धार लावत बसले.