आधी गंध, मग घास

रक्तात यीस्ट कालवून भरलेली काचेची नळी काखेत दाबून आमचे डॉक्टर, सगळ्यांचे काका, देवासच्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये अर्धा अर्धा तास फिरत. बाकावरचा एखादा पेशंट घाबरून विचारी, "भिया, बुखार है क्या?"

"मुझे नहीं, नली को," काका म्हणत.

नळी उबवायचं यंत्र शेजारीच होतं. पण त्याला अंगची ऊब काय कळणार, असं त्यांचं मत! मग त्या रक्ताची स्लाइड करून ते कुरिअरवाल्यालासुद्धा मायक्रोस्कोपला डोळा लावायला लावत. "बघा, गिळला!"

तुम्ही विचारलं नाहीत तरी ते समजावत. परका कण पांढऱ्या पेशीला सहज ओळखू येत नाही. रक्तातली प्रथिनं आधी त्याला जाऊन चिकटतात. तो लेप लागला की पेशी त्याला कवेत घेऊन गिळून टाकते. "आधी गंध, मग घास," काका म्हणत.

इथवर ठीक होतं. पण मराठी मंडळींच्या गणपतीच्या पंगतीत कुणीतरी गंधाची वाटी त्यांच्याच हाती दिली. काकांनी अख्खी पंगत सोडून फक्त परक्यांना गंध लावलं: बँडवाल्यांना, एका पत्ता चुकलेल्या माणसाला आणि मला. मी खातेगावचा, हिंदी शाळेतला, नोकरीला नवा. अध्यक्षांचं कपाळ कोरं, पहिल्या पानावरच्या काकांच्या स्वतःच्या मुलाचंही कोरं.

"बाबा, मी?" तो चिडून म्हणाला.

"तू आपलाच. खूण परक्याला लावायची, म्हणजे त्याला आत घेता येतं!"

मुलगा न जेवता उठला. मला मात्र काकांनी पाच जिलब्या वाढल्या. त्या दिवसापासून देवास मला माझं वाटू लागलं.

पुढे काकांच्याच पांढऱ्या पेशी घटल्या. इंदूरच्या डॉक्टरांनी भेटीगाठी बंद केल्या. काकांनी फोनवर फर्मावलं, "माझं रक्त आणव. नळी तू काखेत धर, यंत्रात टाकू नकोस."

मी धरली. स्लाइडवर पेशी शोधाव्या लागत होत्या. एकीच्या पोटात यीस्टचे दोन कण दिसले.

"काका, दोन खाल्ले!"

"आग्रह कर," ते म्हणाले. "लाजत असेल."

मी फोन ठेवला आणि मायक्रोस्कोपवर डोकं टेकून रडलो.

आग्रहाचा उपयोग झाला नाही. काका गेले. तेराव्याच्या गोडजेवणात गंधाची वाटी माझ्या हाती आली. मी सगळी पंगत ओलांडून दाराशी गेलो. तिथे पाण्याचे कॅन न्यायला आलेला पोरगेला ड्रायव्हर उभा होता. त्याच्या कपाळाला मी गंध लावलं.

"अरे भिया, मैं तो कैन लेने आया हूँ!"

"हाओ. पहले खाना."

काकांच्या मुलाने कोऱ्या कपाळाने आमच्याकडे पाहिलं. मग तो थोडा सरकला आणि आपल्या शेजारी त्याने एक पान मांडलं.